विज्ञानातला सोंगाड्या

यंदाच्या २८ फेब्रुवारीला, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाला, एका कनिष्ठ महाविद्यालयात पाहुणा म्हणून गेलो होतो. रामन यांच्या तसबिरीला हार, थर्माकोलचं चांद्रयान, मध्येच शिट्टी मारणारा माइक, सगळं रीतसर होतं. मग अकरावीच्या मुलांनी एक प्रहसन केलं. मूलद्रव्यांचं वधूवर सूचक मंडळ. सोडियम नावाचा उतावळा नवरा, क्लोरीन नावाची तिखट मुलगी आणि खांद्यावर उपरणं टाकलेले गुरुजी. गुरुजी विचारतात, "मुलाचा गण कोणता?" "पहिला." "आणि मुलीचा?" "सतरावा." गुरुजी बोटं मोजतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "याला एक इलेक्ट्रॉन जड झालाय, तिला एकच कमी पडतोय. छत्तीस गुण!" मागे कोपऱ्यात एक मुलगी हाताची घडी घालून उभी. ती हेलियम. तिच्यासाठी कुणी स्थळ आणलं की ती मान वळवून एवढंच म्हणते, "आमचं घर भरलेलं आहे." पोरं हसून लोळत होती. (इलेक्ट्रॉनला 'हुंडा' म्हटलं होतं ते मला रुचलं नाही, पण ते असो.)

चहाच्या वेळी वाद पेटला. तिथले एक निवृत्त सर, आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेले, तडकले होते. "रामन यांच्या नावाने दिवस साजरा करायचा आणि असला पोरखेळ दाखवायचा? विज्ञान म्हणजे तमाशा नव्हे!" प्राचार्य बाई समजूत घालत होत्या, "सर, मुलांना गोडी लागते हो. कडू गोळी साखरेत घोळवूनच द्यावी लागते." हा वाद तुम्हीही ऐकला असेल, पात्रं बदललेली असतील इतकंच. अवकाशावरचा सिनेमा आला की एक गट चुकांची यादी करतो आणि दुसरा म्हणतो, डोकं घरी ठेवून बघा की. कुणी विज्ञानावर व्यंगचित्र काढलं, गाणं रचलं, की एकाला विटंबना दिसते, दुसऱ्याला प्रसार.

मला या भांडणातली मजा अशी वाटते की दोन्ही पक्षांचं मूळ मुद्द्यावर एकमत आहे. विज्ञान ही मुळात कडू, गंभीर वस्तू आणि गंमत तिला बाहेरून लागते, हे सरांनाही मान्य आणि बाईंनाही. एकाला साखर नको, दुसरीला हवी, एवढाच फरक. माझं म्हणणं असं की गंमत विज्ञानाच्या घरातलीच आहे, भाड्याने आणलेली नाही. प्रश्न पडतो, चित्र काढलं जातं, 'समजा असं झालं तर' म्हणून एक उनाड कल्पना मोकळी सोडली जाते, ही विज्ञानाची रोजची कामाची हत्यारं आहेत. आणि सरांनी रागाच्या भरात नेमका योग्य शब्द उच्चारला होता. विज्ञानाला तमाशाच हवा. फक्त तो नीट बांधलेला हवा.

तमाशाचा बांध ठरलेला असतो: गण, गवळण, बतावणी, वग. वगात राजा असतो, प्रधान असतो आणि सोंगाड्या असतो. राजा मोठमोठं बोलतो आणि सोंगाड्या भाबडा चेहरा करून असा एक प्रश्न विचारतो की राजाची भंबेरी उडते. बघणाऱ्याला वाटतं, हा वाटेल ते बोलतोय. खरं तर अख्ख्या फडात वग सर्वांत पक्का त्यालाच पाठ असावा लागतो. कुठे राजाचं वाक्य तोडायचं, कुठे पुन्हा गोष्टीच्या वाटेवर आणून सोडायचं, हे ज्याला कळत नाही तो सोंगाड्या फड पाडतो. १६३२ साली गॅलिलिओने पृथ्वी फिरते की सूर्य, या प्रश्नावर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याने लॅटिन सोडून लोकांची इटालियन घेतली, आणि प्रबंध न लिहिता तिघांची चार दिवसांची बतावणी लिहिली. साल्व्हियाती, साग्रेदो आणि जुन्या मताचा कैवारी सिंप्लिचिओ. पोपचा आवडता युक्तिवाद त्याने या सिंप्लिचिओच्याच तोंडी घातला. पुढच्याच वर्षी खटला झाला आणि उरलेलं आयुष्य नजरकैदेत गेलं. त्या ग्रंथातली भरती-ओहोटीची उपपत्ती तर चक्क चुकली होती. तरी गणितज्ञांच्या वर्तुळातला वाद इटालियन वाचता येणाऱ्या कुणाच्याही हातात पडला, तो या बतावणीमुळे. तोच माणूस पोरखेळ करत होता असं सर म्हणतील का?

पण सरांची बाजू झटकून टाकण्यासारखी नाही. ती त्यांनी मांडली त्यापेक्षा बळकट आहे, म्हणून मीच ती नीट मांडतो.

पहिली गोष्ट, विज्ञानाच्या नावाखाली चालणारी पुष्कळशी गंमत खरोखरच नुसती साखर असते. प्रत्येक विज्ञान प्रदर्शनात एक ज्वालामुखी असतो. मातीचा शंकू, आत दडवलेली बाटली, तिच्यात खाण्याचा सोडा, वरून लाल रंग घातलेलं व्हिनेगर. फेस उसळतो, टाळ्या पडतात. सातवीत मीही तो केला होता आणि दुसरं बक्षीस घेतलं होतं. शिकलो काय? काहीच नाही. आम्ल आणि सोड्याची ती फसफस खऱ्या ज्वालामुखीत नसते. तिथे शिलारसात दाबाखाली वायू विरघळलेले असतात. शिलारस वर येतो, दाब उतरतो, वायू फुगतात आणि त्याला बाहेर ढकलतात. हे दाखवायला जत्रेतली गोटी सोड्याची बाटली पुरे. अंगठ्याने गोटी आत दाबली की फस्स आवाज होऊन फेस गळ्याशी येतो ना, तो ज्वालामुखीचा सख्खा नातलग. आणि याहून मोठा विनोद आमच्या टेबलाखाली होता. ज्या जमिनीवर आम्ही शंकू मांडला ती जमीनच लाव्हाची. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला तो बहुतेक लांबलचक भेगांमधून, थरावर थर चढवत. सह्याद्रीच्या कड्यांवर पायऱ्यांसारखे दिसतात ते हेच थर. आम्ही लाव्हाच्या खडकावर, बेसॉल्टवर, उभे राहून जपानच्या फुजी ज्वालामुखीची नक्कल करत होतो, आणि परीक्षकांपैकी कुणी विचारलंसुद्धा नाही की पोरांनो, आपल्याकडे असा शंकू दिसतो का कुठे?

दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे. विज्ञानातल्या विनोदाची किंमत कधीकधी भलताच माणूस मोजतो. १९४८ साली राल्फ आल्फर या विद्यार्थ्याने आपले मार्गदर्शक जॉर्ज गॅमो यांच्याबरोबर विश्वाच्या आरंभी मूलद्रव्यं कशी घडली यावर निबंध लिहिला. गॅमो पडले गमत्ये. आल्फर आणि गॅमो यांच्या मध्ये बेथे आले तर अल्फा-बीटा-गॅमा होईल, म्हणून त्यांनी त्या कामात हातही न लावलेल्या हान्स बेथे यांचं नाव घुसवलं. निबंध १ एप्रिलच्या अंकात छापून आला. जग हसलं, आणि दोन बड्या नावांच्या सावलीत आल्फर दिसेनासे झाले. त्याच वर्षी रॉबर्ट हर्मन यांच्यासह त्यांनी विश्वात आजही ५ केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे अतिथंड तापमानाचं प्रारण उरलेलं असावं, असा अंदाज केला होता. ते प्रारण १९६५ मध्ये सापडलं, शोधणाऱ्यांना १९७८ चं नोबेल मिळालं, आल्फर बाहेरच राहिले. याला निव्वळ तो विनोद कारण झाला असं मी म्हणणार नाही. पण त्यांना तो आयुष्यभर सलला.

तसंच ते साळिंदराचं. फळमाशीच्या एका जनुकात बिघाड झाला की तिच्या अळीच्या अंगावर काटे दाट उगवतात, म्हणून त्या जनुकाला 'हेजहॉग' म्हणायला लागले. (साळिंदर म्हटलं खरं, पण हेजहॉग म्हणजे काटेरी उंदरासारखा एक निराळाच प्राणी, आपल्याकडे त्याला सर्वतोमुखी झालेलं नाव नाही.) पुढे १९९३ मध्ये त्याचाच एक भाऊबंद पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत सापडला आणि त्याला व्हिडिओ गेममधल्या पात्राचं नाव चिकटलं, 'सॉनिक हेजहॉग'. प्रयोगशाळेत हशा झाला असणार. पण माणसाच्या गर्भात याच जनुकात दोष आला तर मेंदूचा पुढचा भाग दोन अर्धांत नीट विभागत नाही. आता कल्पना करा, डॉक्टर समोर बसलेल्या आईबापांना सांगतायत, तुमच्या बाळाच्या सॉनिक हेजहॉगमध्ये दोष आहे. आज बहुतेक ठिकाणी नुसती तीन आद्याक्षरं लिहितात ते उगाच नाही.

तिसरी भीती आपल्या देशात सगळ्यांत खरी. कल्पना आणि वस्तुस्थिती यांच्यातली रेघ आधीच पुसट. तिच्यावर गमतीचा बोळा फिरवला तर उरेल काय? जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर गंभीरपणे निबंध वाचला गेला. खरं तर त्याच्या चाळीसेक वर्षं आधी, १९७४ साली, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी त्या विमानशास्त्राची पोथी तपासून सांगितलं होतं की ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे आणि तिच्यातल्या आराखड्यांची विमानं उडू शकत नाहीत. सर म्हणणार, बघा, म्हणूनच सांगतो, विज्ञानाच्या वाटेला गोष्टी जाऊ देऊ नका.

तीनही गोष्टी मला मान्य आहेत. पण त्या नीट उलगडल्या तर त्यांच्यातून निघतं ते सरांच्या निष्कर्षाच्या उलट. ज्वालामुखीत उणीव कशाची होती? गांभीर्याची खचित नव्हती. आम्ही सात पोरं पांढरे कोट घालून, पट्टीने दाखवत, घोकलेलं भाषण म्हणत होतो. उणीव होती ती खेळाच्या नियमाची. लंगडीत दुसरा पाय टेकला की बाद, म्हणून लंगडीत मजा. पाय टेकायची मुभा दिली तर ती नुसती धावपळ. सोड्याचा शंकू हा दोन्ही पायांवर धावत केलेला लंगडीचा खेळ होता. आणि आल्फरचं काय झालं? सोंगाड्या राजाची खोडी काढतो, ही तमाशाची रीत. इथे राजाने हुजऱ्याची काढली. हसण्याची दिशा उलटी झाली की विनोद राहत नाही, अधिकार गाजवणं होतं. जनुकाच्या बाबतीत चेंडू मैदानाबाहेर जाऊन खेळात नसलेल्या माणसाला लागला. या तिन्ही ठिकाणी दुरुस्ती हवी ती खेळणाऱ्यांच्या रीतीत. खेळच बंद करून काय साधणार? शिवाय गॅमो आणि त्या जनुकवाल्यांचा विनोद होता तो निव्वळ नावावरचा, वरून चिकटवलेला. अल्फा-बीटा-गॅमा ऐकून विश्वाबद्दल कुणाला काय नवं कळलं?

विमानशास्त्राची गोष्ट तर सरळसरळ माझ्या पथ्यावर पडते. त्या मंडळींना कधी हसताना पाहिलंय? छद्मविज्ञानाला विनोद पेलत नाही. 'समजा' हा शब्दच त्यांच्या कोशात नसतो. सगळं 'होतंच' असतं. याच्या शेजारी आपले जयंत नारळीकर ठेवून बघा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं सोंगच ते! कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे त्यांनी पानिपतावर कथा लिहिली. १७६१ ची लढाई, विश्वासरावांच्या रोखाने आलेली गोळी, आणि ती चुकते. बस्स, एवढंच बदललं. त्यानंतर लेखकाला वाटेल तसं वागायची सोय नाही. गोळी चुकली तर मराठे जिंकतील का, जिंकले तर मुंबईत आज कुणाचं राज्य दिसेल, दोन्ही इतिहास खरे असतील तर ते एकाच विश्वात कसे मावतील, हे सगळं एकातून एक काढत न्यावं लागतं, अगदी गणिताच्या पायऱ्या लिहाव्यात तसं. आणि वाचकाला शेवटपर्यंत ठाऊक असतं की हे 'समजा' आहे. अशा शंभर कथा वाचलेला मुलगा विमानाच्या पोथीपुढे पहिला प्रश्न विचारेल, इंजिन कुठे आहे? कल्पनेची सवय नसलेला मात्र हात जोडेल.

सर रामन यांचा दाखला देत होते, म्हणून रामन यांच्याबद्दलही दोन शब्द. पुढे नोबेल मिळवणारा हा माणूस कलकत्त्यात व्हायोलिनच्या तारा आणि मृदंगाची पुडी घेऊन बसायचा. १९२० साली त्यांनी सहकाऱ्याबरोबर 'नेचर'मध्ये आपल्या चर्मवाद्यांवर टिपण छापलं. साध्या कातड्यावर, म्हणजे डफावर, थाप मारली की निघणारी कंपनं एकमेकांच्या पूर्णांकी पटीत नसतात. नाद होतो, सूर लागत नाही. तबल्या-मृदंगाच्या पुडीवर मधोमध शाई भरली की तिच्या वजनाने ही कंपनं आवरली जातात, आणि पहिली नऊ कंपनं मिळून पाच सुरेल स्वरांत बसतात, हे रामन यांनी दाखवलं. हा प्रश्न सोडवला कुणी होता? शाई घोटत, थर चढवत, कानाने तपासत बसणाऱ्या कारागिरांनी. भौतिकशास्त्र तिथे मागाहून पोचलं आणि त्याने आदराने नमस्कार केला. यात कला म्हणजे साखर आणि विज्ञान म्हणजे गोळी, ही विभागणी कुठे करणार?

चित्रकलेचं उदाहरण याहून बोलकं आहे. १६०९ च्या जुलैत इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियटने दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि त्याचं चित्र काढलं. गॅलिलिओच्या काही महिने आधी. हॅरियट गणितात कुणाला हार जाणारा नव्हता. पण त्याच्या त्या चित्रात चंद्रावर नुसती एक वेडीवाकडी रेघ आणि काही डाग दिसतात. गॅलिलिओने वर्षाखेरीस जलरंगात तोच चंद्र रंगवला तेव्हा त्याने डागांच्या सावल्या केल्या, सावल्यांचे डोंगर केले, आणि डोंगरांची उंचीही मोजली. कलेचे इतिहासकार सांगतात की फ्लॉरेन्सच्या वातावरणात वाढलेल्या गॅलिलिओला यथादर्शन (सपाट कागदावर खोली दाखवण्याची कला) आणि छायाप्रकाश यांची तालीम होती, हॅरियटला नव्हती. दुर्बीण दोघांपाशी होती. सावली वाचणारा डोळा एकापाशी. गॅलिलिओचं पुस्तक हाती आल्यावर हॅरियटलाही विवरं दिसायला लागली, हे विशेष.

आणि निव्वळ पोरखेळच हवा असेल तर खगोलशास्त्रज्ञ केप्लर आहे. १६११ चा नववर्षदिन जवळ आलेला, खिसा रिकामा, आश्रयदात्याला भेट काय द्यायची? प्रागच्या पुलावरून जाताना अंगरख्यावर हिमाचे कण पडले, आणि त्याला कोटी सुचली. लॅटिनमध्ये 'निक्स' म्हणजे हिम, आणि त्याच्या जर्मन कानाला 'निक्स' म्हणजे काही नाही. म्हणजे 'काही नाही' हीच भेट! या कोटीवर त्याने चोपडं लिहिलं: हिमकणाला सहाच कोन का, पाच किंवा सात का नाहीत? डाळिंबाचे दाणे, मधमाश्यांचं पोळं, एकावर एक रचलेले गोळे, अशी भटकंती करत तो शेवटी कबूल करतो की उत्तर सापडलं नाही. पण वाटेत त्याने एक विधान टाकलं: सारखे गोळे सगळ्यात दाट रचायचे तर फळवाला गाडीवर संत्री रचतो तसेच रचावेत. फळवाल्याला हे शेंबड्या वयापासून माहीत असतं. गणिताला ते सिद्ध करायला टॉमस हेल्स यांच्यापर्यंत, म्हणजे १९९८ पर्यंत थांबावं लागलं, आणि सिद्धता एवढी अगडबंब की संगणकाकडून तिची कसून तपासणी २०१४ मध्ये पुरी झाली. विनोदाने सुरू झालेलं काम चारशे वर्षं पुरलं. गंभीर माणसाने तो कण अंगरख्यावरून झटकून टाकला असता.

हे जुन्या काळचं झालं, आज असली चैन कोण करतो, असं म्हणाल तर भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाइम यांना विचारा. १९९७ मध्ये नेदरलँड्समध्ये त्यांनी १६ टेस्ला इतक्या ताकदीच्या चुंबकात जिवंत बेडूक अधांतरी तरंगवला. पाण्याला चुंबक किंचित दूर ढकलतो, इतका किंचित की रोजच्या व्यवहारात कळत नाही. चुंबक दांडगा घेतला की तो पाण्याने भरलेल्या बेडकाचं वजन तोलतो. त्याबद्दल २००० साली त्यांना इग नोबेल मिळालं, जे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. हसून झालं. मग शुक्रवारी संध्याकाळी मौजेखातर करायच्या तसल्याच उचापतींतून मँचेस्टरमध्ये चिकटपट्टीने शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलता सोलता एका अणूच्या जाडीचा थर हाती आला. ग्राफीन. २०१० चं नोबेल. बेडूक तरंगवणारा आणि ग्राफीन सोलणारा हे दोन वेगळे आंद्रे गाइम नव्हते.

उरला सिनेमा. चुका मोजणारे आणि डोकं घरी ठेवणारे दोघेही जिथे हटकून हजर असतात ते ठिकाण. १९७९ मध्ये जाँ-पिएर ल्युमिने या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने कृष्णविवराभोवती तापलेल्या वायूची चकती असेल तर ते लांबून कसं दिसेल याचं गणित केलं. संगणक छिद्रं पाडलेल्या कार्डांवर चालणारा. तो आकडे देई, चित्र देत नसे. मग ल्युमिनेंनी काळ्या शाईने हातानेच ठिपके काढले. जिथे प्रकाश जास्त तिथे ठिपके दाट. हजारो ठिपके, आणि मग त्या कागदाची उलटी छायाप्रत. चित्रात एक बाजू झगझगीत आणि दुसरी मलूल दिसते, कारण चकतीचा जो भाग भोवंडत आपल्याकडे येतो तो उजळ दिसतो, दूर जाणारा मंद. पुढे २०१४ मध्ये 'इंटरस्टेलर' आला. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी समीकरणं दिली, चित्रकारांच्या चमूने ती संगणकात घातली, आणि त्या खटाटोपातून प्रकाश कसा वळतो यावर भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात निबंधसुद्धा निघाला. इथवर सिनेमावाल्यांनी नियम पाळला. पण शेवटी पडद्यावर जे कृष्णविवर आलं त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच उजळ होत्या. एक बाजू मंद दिसली तर प्रेक्षक गोंधळेल, म्हणून ती तफावत काढून टाकली होती. त्या निबंधातच तसं लिहिलंय.

मग १० एप्रिल २०१९ रोजी एम८७ दीर्घिकेतल्या खऱ्या कृष्णविवराची प्रतिमा आली. एक बाजू उजळ, एक मंद, ल्युमिनेंच्या ठिपक्यांची आठवण करून देणारी. कुणी गोंधळलं का? त्या दिवशी माझ्या फोनवर ती प्रतिमा भाजीवाल्यापासून भाच्यापर्यंत सगळ्यांनी पाठवली. कुणी तिला मेदूवडा म्हटलं, कुणी गॅसची शेगडी. आणि भाच्याने खाली विचारलं होतं, "मामा, खालची बाजूच जास्त का जळतेय?" सिनेमाला ज्या प्रश्नाची धास्ती वाटली तो प्रश्न पाचवीतल्या पोराने वड्याच्या विनोदाखाली सहज विचारला. म्हणून सिनेमावरचा माझा आक्षेप चुका मोजणाऱ्यांपेक्षा वेगळा आहे. अंतराळात स्फोटाचा आवाज येतो, येऊ द्या. गोष्टीला ढोल लागतात. पण प्रेक्षकाला झेपणार नाही म्हणून जी खरी, विचित्र, मजेदार गोष्ट कापली जाते तिचं मला वाईट वाटतं. चूक तिथे विज्ञानाची होत नाही, करमणुकीची होते.

आता त्या प्रहसनाकडे परत. सरांचा एक तांत्रिक आक्षेप अगदी बरोबर होता: अणूला काही 'हवं' नसतं. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ५.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा खर्ची पडते, क्लोरीन तो घेताना जेमतेम ३.६ परत देतो. नुसत्या देवाणघेवाणीत हे लग्न तोट्याचंच. तोटा भरून निघतो तो दोघांवरचे विरुद्ध प्रभार एकमेकांना खेटून बसल्यामुळे. आणि मिठाच्या खड्यात तर प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. कुणाचं लग्न कुणाशी लागलं ते सांगताच येत नाही! सरांच्या आक्षेपाने प्रहसन मेलं का? उलट आता कुठे ते रंगात आलं. गुरुजी छत्तीस गुण जुळवून दक्षिणा घेऊन बसलेत आणि मांडवात अख्खं गाव एकमेकांच्या गळ्यात माळा घालतंय, हे दृश्य मुलांनी लिहिलेल्यापेक्षा जास्त खरं आहे आणि जास्त विनोदीही.

हे मी चहाच्या टेबलाशी मुलांना सांगितलं. मग न राहवून पुढचंही सांगितलं, की २०१७ मध्ये हेलियमचंही जमलं. हिऱ्याच्या दोन टोकांमध्ये सोडियम आणि हेलियम धरून ११३ गिगापास्कलच्या वर, म्हणजे आपल्या वातावरणाच्या अकरा लाख पटींहून जास्त दाब दिला, तेव्हा दोन सोडियमला एक हेलियम असं संयुग टिकलं. हेलियम झालेली मुलगी म्हणाली, "म्हणजे घरच्यांनी दाब टाकला की आम्हीसुद्धा तयार!" पोरं खिदळली.

सर कप हातात धरून बाजूला उभे होते. ऐकत नसावेत असं मला वाटलं होतं. "एक मिनिट," ते म्हणाले, "हेलियमचं घर भरलेलं. मग सोडियमचे इलेक्ट्रॉन घेतले कुणी?"

कुणीच नाही, मी म्हटलं. सोडियमच्या आठ अणूंच्या चौकटीत हेलियम बसतो, आणि शेजारच्या रिकाम्या चौकटीत इलेक्ट्रॉनांची जोडी. ना याच्या घरी, ना तिच्या.

सरांनी कप खाली ठेवला. गुरुजी झालेल्या पोराने उपरणं पुन्हा खांद्यावर टाकलं आणि बोटं मोजायला घेतली.